देवडी आणि मोहाफिजखाना

ज्या कचेरीत अर्जदार सरळ आत जाऊन फडताळातील संचिका आपल्या हाताने काढू शकतो, त्या कचेरीस लोकाभिमुख म्हणण्याचा मोह होत असला तरी तिला बेवारशी म्हणणेच रास्त ठरेल. आणि जेथे अर्जदाराला देवडीवरूनच परतविले जाते, आत त्याचा कागद आहे की नाही एवढेही त्याला कोणी सांगत नाही, तेथील व्यवस्थेला शिस्त हे नाव देणे म्हणजे उद्दामपणाला सद्गुणांच्या पंक्तीस बसविणे होय. या दोन टोकांमधून राज्यकारभाराने जो मार्ग काढला तो असा, की लोकांना सामोरा जाणारा मनुष्य एक असावा, दप्तर सांभाळणारा दुसरा असावा, आणि पहिल्याने मागितलेला प्रत्येक कागद दुसऱ्याने स्वतः खातरजमा करूनच बाहेर द्यावा. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ साली तो मुंबई राज्यात आला; परंतु अंमल बदलला तरी पेशकार, शिरस्तेदार, अव्वल कारकून ही नावे व त्यांच्यामागची ही विभागणी येथील कचेऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. देवडी निराळी आणि मोहाफिजखाना निराळा, हे या भागातील जुन्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ई-मेलच्या बाबतीत मात्र तेच समजावून सांगावे लागते. आष्टीच्या किंवा धारूरच्या पंचायत समितीत बसलेला एखादा कर्मचारी ब्राउझर उघडतो, एक पत्ता टाकतो, नाव व पासवर्ड देतो, आणि त्याचे टपाल पडद्यावर दिसू लागते. आपण एका यंत्राशी बोललो, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः व्यवस्था नीट उभारलेली असेल तर तो दोन यंत्रांशी बोललेला असतो : एक समोरचे, ज्यास या व्यवसायातील लोक फ्रंट-एंड सर्व्हर म्हणतात, आणि दुसरे मागचे, म्हणजे बॅक-एंड, जेथे पत्रे प्रत्यक्ष साठविलेली असतात. पहिल्याचे तोंड जगाकडे असते. दुसऱ्याचा पत्ता जगाला ठाऊकही नसतो. या विभागणीविषयी माझे प्रतिपादन एवढेच आहे, की तिची सारी किंमत मागचा सर्व्हर पुढच्यावर किती विश्वास टाकतो यावर ठरते; आणि तिच्यातून आजवर जे मोठे अनर्थ ओढवले, त्यांतला सर्वांत गाजलेला अनर्थ चोर देवडीतून शिरला म्हणून जितका घडला, त्याहून अधिक मोहाफिजाने देवडीचा शब्द निमूटपणे मानला म्हणून घडला.

टपाल एके ठिकाणी ठेवून ते कोठूनही वाचता यावे, ही कल्पना आरंभापासूनची नव्हे. पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे न्यावे याचे एसएमटीपी हे नियम जॉन पोस्टेल याने १९८२ साली लिहिले. पण आलेले पत्र वाचकाने कसे घ्यावे, हा प्रश्न त्यात नव्हता. पुढे पॉप नावाची जी पद्धत रूढ झाली तिच्यात पत्र सर्व्हरवरून वाचकाच्या संगणकात उतरविले जाई आणि बहुधा सर्व्हरवरून पुसलेही जाई. ज्या कर्मचाऱ्याची दर तीन वर्षांनी बदली होते आणि ज्याचा संगणक त्याच्यामागून येणारा मनुष्य प्रथम कोरा करून घेतो, त्याच्या कचेरीला ही पद्धत किती घातक आहे हे सांगावयास नको. जिल्ह्याचा पत्रव्यवहार कचेरीच्या ताब्यात न राहता टेबलाखालच्या एका पेटीत राहतो आणि पेटीबरोबर जातो. मार्क क्रिस्पिन याने १९८६ साली मांडलेल्या आयमॅप पद्धतीने पत्र सर्व्हरवरच ठेवले, आणि १९९६ च्या जुलैत सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू करून हे ठेवलेले पत्र कोणत्याही ब्राउझरमधून वाचता येते हे साऱ्या जगाला दाखविले. वेबमेल ते हेच. ऊसतोडीसाठी वर्षातील कित्येक महिने घर सोडून राहणारी कुटुंबे ज्या जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत, ज्याची मुले स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात खोल्या करून राहतात, त्या जिल्ह्यात ही सोय चैनीची गणता येणार नाही. ठेवा एका जागी आणि वाट कोठूनही, ही येथील जीवनाचीच गरज आहे.

परंतु ठेवा एका जागी असणे म्हणजे एकाच यंत्रात असणे नव्हे. हजारो माणसांची पत्रे एका यंत्रात मावत नाहीत, आणि मावली तरी ते यंत्र बंद पडताच सारेच बंद पडतात. म्हणून ती तीन-चार अथवा तीस-चाळीस बॅक-एंड यंत्रांवर वाटली जातात. मग माजलगावच्या कर्मचाऱ्याने आपली पत्रे तिसऱ्या यंत्रावर आहेत की सातव्या, हे लक्षात ठेवावे काय? येथे फ्रंट-एंडचे पहिले काम सुरू होते. मायक्रोसॉफ्टने २००० साली आपल्या एक्स्चेंज सर्व्हरात ही रचना आणली ती याच हेतूने : सर्वांना एकच पत्ता द्यावा, समोरच्या सर्व्हरने आलेल्या माणसाचे नाव घ्यावे, निर्देशिकेत, म्हणजे सर्व वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, त्याची पेटी कोणत्या यंत्रावर आहे हे पाहावे, आणि त्याची मागणी त्या यंत्राकडे पोहोचवून उत्तर आणून द्यावे. समोरच्या सर्व्हरवर स्वतःची अशी एकही पेटी नसावी, हा त्यातला उत्तम भाग होता. ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याकडून चोरीला जाण्यासारखेही फारसे काही नाही. झिंब्रा घ्या, डव्हकॉट घ्या, किंवा इगोर सिसोएव्हने २००४ साली प्रसिद्ध केलेला एन्जिनएक्स पुढे बसवून उभारलेली कोणतीही व्यवस्था घ्या, नावे बदलतील, पण ही त्रयी बदलणार नाही : द्वार, नोंदवही, कोठार.

या रचनेचा दुसरा लाभ असा, की कोठार हलविले तरी द्वाराची पाटी बदलावी लागत नाही. केंद्र शासनाच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या व्यवस्थेवरून झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेल्याचे २०२५ साली सर्वत्र छापून आले. पण पत्त्यांच्या शेवटी असलेली सरकारी नावे तीच राहिली, आणि पत्र धाडणाऱ्या रयतेला या स्थलांतराची वार्ता वर्तमानपत्रातूनच कळली. एवढे मोठे दप्तर एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जावे आणि अर्जदाराला आपली वाट बदलावी न लागावी, हे या मांडणीच्या गुणाचे प्रमाण होय.

आता दोषाकडे वळू. समोरचा सर्व्हर कोठे बसवावा, या प्रश्नावर २००० नंतरच्या दशकात जाणत्यांचा मोठा घोळ झाला. स्वाभाविक उत्तर असे वाटे, की तो वेशीबाहेर बसवावा; बाहेरचे जाळे व आतले जाळे यांच्यामध्ये जो निर्लष्करी पट्टा राखलेला असतो, तेथे. परंतु त्या सर्व्हरला निर्देशिका वाचावयाची, नावे ताडून पाहावयाची व कोठाराशी बोलावयाचे म्हटले, की आतल्या भिंतीला इतकी छिद्रे पाडावी लागत, निर्देशिकेसाठी ३८९ व ३२६८ क्रमांकांची, केर्बेरॉस पद्धतीने ओळख पटविण्यासाठी ८८ ची, आणि आणखी कितीतरी, की भिंत नावापुरतीच उरे. शेवटी खुद्द मायक्रोसॉफ्टने सल्ला दिला तो असा, की पट्ट्यात केवळ मागण्या तपासून पुढे सोडणारा एक निराळा पहारेकरी ठेवावा आणि फ्रंट-एंड सर्व्हर आतच आणावा. त्याच काळातील आणखी एक गोष्ट आज वाचताना नवल वाटते : २००३ च्या आवृत्तीत वापरकर्ता ते फ्रंट-एंड हा रस्ता सांकेतिक लिपीने झाकता येई, पण फ्रंट-एंड ते बॅक-एंड हा रस्ता ८० क्रमांकाच्या पोर्टवरून उघडा जाई, आणि तो झाकावयाचा तर आयपीसेकचा स्वतंत्र बंदोबस्त करावा लागे. कित्येक ठिकाणी तो केलाच जात नसे. आतला रस्ता आपलाच आहे, तेथे कोण येणार, या निश्चिंतीतच तर घात असतो.

असे असूनही त्या जुन्या रचनेत एक शहाणपण होते, ज्याची आठवण नंतरच्या आवृत्त्यांत पुसट झाली. समोरच्या सर्व्हरने वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड तपासावा, आणि तेच नाव व तोच पासवर्ड मागे पाठविल्यावर मागच्याने तो पुन्हा तपासावा, अशी दुहेरी खातरजमा तिच्यात सामान्यतः होत असे. पुढे हा क्रम बदलला. कोणी प्रमाणपत्र दाखवून प्रवेश करू लागला, कोणी अन्य मार्गाने, आणि प्रत्येक वेळी मागे धाडण्यासारखा पासवर्ड समोरच्याजवळ असेलच असे राहिले नाही. म्हणून नवी तोड निघाली : खातरजमा समोरच्यानेच करावी आणि ‘हा मनुष्य अमुक आहे’ अशी एक चिठ्ठी मागणीला जोडून मागे धाडावी, मागच्याने केवळ एवढे पाहावे, की चिठ्ठी आणणारे यंत्र आपल्याच घरचे आहे. २०१३ च्या आवृत्तीपासून हीच रीत स्थिरावली, आणि २०१६ च्या आवृत्तीत तर द्वार व कोठार एकाच यंत्रात नांदू लागले; समोरचा भाग ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर ऐके, मागचा ४४४ वर.

या चिठ्ठीचे फळ २०२१ च्या मार्चमध्ये जगाने भोगले. तैवानमधील ऑरेंज त्साई नावाच्या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी आधीच्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टला कळविलेला तो दोष पुढे प्रॉक्सीलॉगऑन या नावाने कुप्रसिद्ध झाला. त्याचे मर्म सांगणे अवघड नाही. समोरचा भाग आलेली मागणी कोणत्या मागच्या यंत्राकडे न्यावयाची हे ठरविताना एका विशिष्ट कुकीत लिहिलेला पत्ता खरा मानी, आणि ती कुकी पाठविणारा कोण आहे याची विचारपूस त्या वाटेवर होत नसे. म्हणजे वेशीबाहेरच्या कोणत्याही आगंतुकाने ‘ही मागणी अमुक दालनात न्या’ असे लिहून द्यावे आणि देवडीवाल्याने ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ओळखीवर, आत नेऊन ठेवावी. मागच्या भागाने पाहिले ते एवढेच, की मागणी घरच्या यंत्राकडून आली आहे. आणि घरच्या यंत्राला तर कोणाच्याही नावाने बोलण्याचा अखत्यार दिलेला होता. व्यवस्थापकाचा ओळख-क्रमांक सांगितला, की व्यवस्थापकाची सनद हाती पडे. मायक्रोसॉफ्टने २ मार्चला दुरुस्ती प्रसिद्ध केली, तोवर व त्यानंतरही जगभरचे सर्व्हर हजारोंनी फोडले गेले. युरोपीय बँकिंग प्राधिकरणाला आपली ई-मेल व्यवस्था बंद ठेवावी लागली, आणि चोरांनी मागे ठेवलेली साधने लोकांच्या यंत्रांतून काढून टाकण्यासाठी अमेरिकेच्या एफबीआयला एप्रिलमध्ये न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली.

यावर कोणी म्हणेल, की हा एका कंपनीच्या प्रणालीतील एक दोष; तो दुरुस्त झाला; त्यावरून साऱ्या विभागणीला दूषण का द्यावे? मी विभागणीला दूषण देत नाहीच. उलट, एका यंत्रात एकत्र केल्यावर विभागणी नावापुरती उरते आणि विश्वास मात्र पूर्वीइतकाच राहतो, ही माझी तक्रार आहे. देवडीवर बसलेल्या कारकुनाला मुखत्यारपत्र कशासाठी द्यावे? त्याच्याजवळ असावे ते त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या एकाच माणसापुरते, काही मिनिटांत निरर्थक होणारे, आणि ज्याचा खरेपणा मागच्याला स्वतंत्रपणे पडताळता येईल असे टिपण. डव्हकॉटसारख्या व्यवस्थेतही आजमितीस दोन्ही मार्ग मोकळे आहेत : वापरकर्त्याचा पासवर्ड पुढे पाठवून मागच्याकडून पुन्हा तपासून घेता येतो, किंवा समोरच्या यंत्राला एक सर्वाधिकारी पासवर्ड देऊन सर्वांच्या पेट्या उघडण्याची मुभा देता येते. दुसरा मार्ग मांडणाऱ्याला सोपा पडतो. मांडणारे बहुधा तोच घेतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिल्ह्यातील एखादी शिक्षणसंस्था अथवा सहकारी साखर कारखाना, जेथे संगणकाचे काम पाहणारा मनुष्य एकच असून तोच वेतनपत्रके काढतो आणि तोच प्रिंटरात अडकलेला कागदही ओढून काढतो, त्याने दोन-दोन, चार-चार सर्व्हर कोठून उभे करावेत? वीज तरी कोठे भरवशाची आहे? ज्या परळीतून महाराष्ट्राला वीज जाते, तेथील औष्णिक केंद्रच २०१३ साली व पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि अशा संस्थेने स्वतःच्या कपाटात कोठार मांडण्याचा हट्ट धरू नये, असेच माझेही मत आहे. द्वार व कोठार दोन्ही भाड्याने घ्यावीत. पण भाड्याच्या घरात राहणारालाही कुलपे कोणती आहेत व किल्ल्या कोणाकोणाजवळ आहेत हे विचारण्याचा हक्क असतो. आणि आपल्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, तो तर कधीही दुसऱ्याच्या नावे नोंदवू देऊ नये. पत्ता आपला असेल तर कोठार उद्या दुसरीकडे नेता येते. पत्ताच कंत्राटदाराच्या नावे असेल, तर नूतनीकरणाच्या महिन्यात संस्थेचे सारे टपाल त्याच्या मर्जीवर राहते.

येथे मराठीपुरती एक अडचण नोंदवून ठेवतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडील कचेऱ्यांत व छापखान्यांत श्रीलिपी, आयएसएम अशा निरनिराळ्या प्रणालींतील फाँटांत मजकूर लिहिला जाई. तो मजकूर कोठारात अक्षत राहिला तरी ज्या यंत्रावर तो फाँट नाही तेथे द्वारातून बाहेर येतो तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निव्वळ गलबला. जुने टपाल नव्या सर्व्हरवर नेताना त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेण्याची तरतूद कंत्राटात आधीच नसेल, तर ते टपाल जपले काय आणि गमावले काय, वाचणाऱ्याला सारखेच.

वेबमेलच्या द्वाराला आणखी एक कर्तव्य असते : समोर बसलेला मनुष्य कोणत्या जागी बसून बोलतो आहे याचे भान ठेवणे. एक्स्चेंजच्या २००३ च्या आवृत्तीत प्रवेशाच्या पानावरच विचारले जाई, की संगणक सार्वजनिक आहे की खाजगी. सार्वजनिक म्हटल्यास १५ मिनिटांच्या शांततेनंतर दार आपोआप मिटे, खाजगी म्हटल्यास २४ तासांनी. नेट कॅफे, महा-ई-सेवा केंद्र, महाविद्यालयाची प्रयोगशाळा, अशा सामाईक संगणकांवर ज्या जिल्ह्यातील तरुणांची पहिली ई-मेल खाती उघडली गेली, तेथे हा प्रश्न मुळी वाचकावर सोपवूच नये. प्रत्येक संगणक सार्वजनिक आहे असे समजून चालणारे द्वार थोडे त्रासदायक होईल खरे. तो त्रास मी पत्करीन.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे विचारणारास मी २०२३ सालाची आठवण देईन. त्या वर्षी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि वर्षानुवर्षे कोणी न उघडलेली मोडी व उर्दू दप्तरे तहसिलींच्या अभिलेख कक्षांतून बाहेर निघाली. कोणा अनाम मोहाफिजाने ते रुमाल कसरीपासून राखले म्हणून आजच्या माणसाच्या हक्काचा पुरावा उरला. जेथे राखले नाहीत तेथे उरला नाही. ई-मेल हेही आता तसलेच दप्तर आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येतच ई-मेलचा नामनिर्देश आहे. तेव्हा नागरिकाने मागितलेले पत्र सापडत नाही असे कळविताना ‘संगणक बदलला’ हे कारण कायद्याच्या दृष्टीने फार पांगळे ठरते.

केंद्र शासनाचे ई-मेल धोरण २०१५ च्या फेब्रुवारीत राजपत्रात आले. सरकारी काम सरकारी पत्त्यावरूनच करावे, ते टपाल खाजगी पत्त्यावर वळवू नये, ही त्यातली बंधने योग्यच होत. पण त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पदनामाच्या खात्याची शिफारस. पत्ता माणसाच्या नावे नसून पदाच्या नावे असावा, आणि बदलीनंतर पेटी जागेवर राहून किल्ली तेवढी नव्या अधिकाऱ्याकडे जावी. आता अडचण किल्लीचीच आहे. पासवर्डाच्या जोडीला दुसरी खूण मागण्याची पद्धत आली ती आवश्यकच होती. परंतु ती खूण अधिकाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर येते, आणि मोबाइल अधिकाऱ्याबरोबर बदलीच्या गावी जातो. कार्यभार सोपविताना दप्तरांची यादी होते, कपाटांच्या किल्ल्या मोजल्या जातात, शिक्के ताब्यात दिले जातात. त्याच यादीत पदनामाच्या खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलल्याची नोंद असावी, आणि ती नोंद द्वारापाशी बसलेल्याच्या शब्दावर न टाकता ज्याच्याकडे कोठाराचा ताबा आहे त्या प्रशासकाने निर्देशिकेत स्वतः पाहून त्याच दिवशी सही करावी. केज असो की गेवराई, या कामाला नवे यंत्र लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही. कार्यभाराच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवावा लागतो, आणि तो वाढविण्याचा अधिकार जिल्ह्याच्या कचेरीस आजही आहे.